इथून निघणे आणि तिथे जाणे



सांगलीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आमच्याकडे आले आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे आणि ती रास्त आहे. ज्या दवाखान्यात ती आज ड्युटी करते तिथेही आपले साप्ताहिक वाचणारे लोक आहेत. पत्राला आम्ही टपालाने दोन ओळींचे उत्तर पाठवू शकलो असतो. पण हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत आम्हाला निदान दहा-बारा मुलींनी विचारला आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आज एक तरी मुलगी नर्सिंगला आहे, म्हणून सर्वांसमोर उत्तर देतो.

हकीकत अशी. बाईंचे वय २९. तीन वर्षांचा जीएनएम कोर्स केलेला. सहा वर्षे एकाच खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. दवाखाना चाळीस खाटांचा. पगार १७,००० रुपये, त्यात मूळ पगार १३,०००, पी.एफ. वगैरे जाऊन हातात पंधरा हजार तीनशेच्या आसपास पडतात. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, मुलगा तीन वर्षांचा, सासूबाई घरी असतात व नातवाला त्याच बघतात. आता साताऱ्याला सरकारी योजनेत कंत्राटी स्टाफ नर्सची ऑर्डर आली आहे. मानधन २०,०००, मुदत अकरा महिने. पंधरा दिवसांत हजर व्हायचे आहे.

सासूबाई म्हणतात, "सरकारी आहे, लाथाडू नकोस." माहेरची आई म्हणते, "लहान पोर टाकून कुठं जातीस?" यजमान म्हणतात, "तुझं तू ठरव." आणि दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणतात, "तू गेलीस तर माझा वॉर्ड कोण बघणार गं?" बाईंनी शेवटी लिहिले आहे, "चौघांचे ऐकून माझे डोके चालेनासे झाले आहे. तुम्ही सांगाल तसे करते."

भगिनी, आम्ही सांगू तसे करू नकोस. आम्ही फक्त गुंता सोडवून देतो, ठरवायचे तूच. तुझे पत्र दोनदा वाचल्यावर आमच्या ध्यानात आले की तू एक प्रश्न विचारते आहेस, पण त्यात प्रश्न दोन आहेत. इथून निघावे का, हा एक. साताऱ्याला जावे का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकच असेल असे धरून चाललीस म्हणून डोके चालेनासे झाले. आपण ते सुटे करू.

पहिला प्रश्न : इथून निघावे का?

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू एक प्रसंग लिहिला आहेस, तोही जाता जाता. आमच्या मते तुझ्या पत्राचे खरे मूळ तिथेच आहे. नाईटला चाळीस खाटांना तुम्ही दोघीच असता. एका रात्री डॉक्टरांनी फोनवर इंजेक्शन सांगितले, तू दिले, रुग्णाला त्रास झाला. सकाळी डॉक्टर म्हणाले, मी असे काही सांगितलेच नव्हते. रजिस्टरवर सही तुझी एकटीची. रुग्ण सुधारला म्हणून प्रकरण मिटले. पण तेव्हापासून ड्युटीवर जाताना पोटात गोळा येतो, असे तू लिहिले आहेस.

पगार वाढेल, ड्युटी बदलेल, पण सही एकदा गेली की परत येत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणी ही तुझी जमीन आहे. बापाने सातबारा ठेवला नसेल, पण तू स्वतःच्या हिमतीवर हा एक उतारा मिळवलास. तो धोक्यात येईल अशा जागी फार दिवस राहू नये. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. ते सगळीकडे पाळले जात नाही, हे आम्हीही वॉर्डात आयुष्य काढले असल्याने जाणतो. पण वीस रुग्णांमागे एक, आणि चूक झाली तर तिची एकटीची, हा धंदा चालू देण्यासारखा नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर : होय, निघावे. आज-उद्या नव्हे, पण तीन-चार महिन्यांत निघावे. तोवर एक शिस्त पाळ. फोनवरचा आदेश आला की रजिस्टरमध्ये लगेच लिही : वेळ, डॉक्टरांचे नाव, औषध, मात्रा, आणि "फोनवरून तोंडी आदेश". दुसऱ्या सिस्टरसमोर आदेश मोठ्याने वाचून घे आणि तिचीही सही घे. सकाळी डॉक्टर आले की पहिली सही त्यांची घे. डॉक्टर रागावतील, रागावू देत.

मोठ्या सिस्टरबद्दल दोन शब्द. त्यांची माया खरी असेल. पण वॉर्डात माणसे कमी असणे हा मालकाचा प्रश्न आहे. तो तुझ्या मायेवर भागवायचा नाही. आपल्याकडे नर्सला 'सेवा' हा शब्द फार ऐकवतात, आणि बहुतेक वेळा पगाराचे विचारले की ऐकवतात. सेवा काय असते हे सातारा जिल्ह्याला शिकवायला नको. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांना उचलून आणत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ती सेवा त्यांनी आपल्या मर्जीने केली. कुणी त्यांचा पगार कापून, कागद अडकवून ती करवून घेतली नव्हती. सावित्रीबाईंचे नाव घेऊन तुला कमी पैशात राबवणाऱ्याला खुशाल विचार की तुम्ही कोणत्या प्लेगात उतरला होता.

पगाराचे मोजमाप काय धरावे, तेही सांगतो. परिचारिकांच्या संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निकाल दिला आणि त्यानुसार केंद्राने समिती नेमली. समितीने सुचवले : २०० च्या वर खाटा असतील तर खाजगी रुग्णालयातला पगार सरकारीच्या बरोबरीने असावा, १०० च्या वर असतील तर सरकारीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा, ५० ते १०० असतील तर २५ टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि ५० च्या आत असतील तरी २०,००० रुपयांच्या खाली नसावा. ही शिफारस आहे, ती राज्यांनी अंमलात आणायची आहे. तेवढ्यावर उद्या मालकाला कोर्टात खेचता येईल असे नाही. पण आपली किंमत किती याचा अंदाज तिने येतो. २०१६ साली सुचवलेल्या आकड्याच्याही तीन हजार खाली तू आज आहेस.

दुसरा प्रश्न : साताऱ्याला जावे का?

इथे आम्ही तुझ्या सासूबाईंच्या विरुद्ध जाणार आहोत. त्यांनी रागावू नये. त्यांच्या उमेदीच्या काळी 'सरकारी' म्हटले की कायम, पेन्शन आणि क्वार्टर असे तीन अर्थ होत. आता ऑर्डर उघडून वाचल्याशिवाय एकही अर्थ गृहीत धरता येत नाही. तू ऑर्डरची झेरॉक्स पाठवलीस हे फार चांगले केलेस. तिच्यात स्पष्ट लिहिले आहे : अकरा महिने, एकत्रित मानधन, कायम नोकरीचा कोणताही हक्क सांगणार नाही असे हमीपत्र. पी.एफ.चा उल्लेख नाही.

कंत्राटी म्हणजे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यापासून आपल्या कितीतरी मुली याच वाटेने सरकारी दवाखान्यांत गेल्या, लेबर रूम आणि नवजात बालकांच्या कक्षात तयार झाल्या. पण त्यांचे पुढे काय झाले तेही बघ. दहा वर्षे झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, आणि त्याची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. दहा वर्षे राबून पुन्हा मंडपात बसावे लागले! करोनाच्या काळातही तेच. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे रुग्ण मिरजेच्या सरकारी रुग्णालयात आले तेव्हा सारा जिल्हा परिचारिकांकडे डोळे लावून होता. पुढे साथ ओसरली आणि राज्यात ठिकठिकाणी तात्पुरत्या भरलेल्या मुली घरी गेल्या.

आता हिशेब. वही घे आणि आमच्याबरोबर मांड.

साताऱ्याचे मानधन २०,०००. खोलीभाडे लाइटबिलासकट ४,५००, जेवणखाण ३,०००. दर आठवड्याला घरी यायचे म्हटले तर सुमारे सव्वाशे किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून महिन्याचे हजारात भागेल असे धरू. गेले ८,५००, उरले ११,५००. सांगलीत तुझ्या हातात १५,३००, बसचे ६०० वजा केले तर १४,७००. घरातला तुझ्या जेवणाचा हजार-दीड हजार वाचेल, तो साताऱ्याच्या बाजूला टाक. तरीही तीन हजार जास्त मिळवायला जाऊन तू महिन्याला दोन हजारांना कमी पडतेस. शिवाय आज मालक तुझ्या पी.एफ.मध्ये आपल्या वाट्याचे १२ टक्के भरतो. तिकडे तो भरला जाणार नसेल, तर तेही गेले.

पैशाशिवाय आणखी एक गोष्ट तू लिहिलीस. खोली बघायला साताऱ्याला गेलीस तेव्हा दोन ठिकाणी भाडे ठरत आले आणि आडनाव विचारल्यावर "पाहुणे येणार आहेत, खोली द्यायची नाही" असे उत्तर मिळाले. भगिनी, याच साताऱ्याहून १९०१ साली बाल भीमराव आणि त्यांच्यासोबतची घरातली मुले आगगाडीने निघाली होती, आणि मसूरच्या स्टेशनवर जात सांगताच त्यांना एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. सांगलीहून साताऱ्याला जाणारी गाडी आजही मसूरवरूनच जाते. त्या माणसांनी नकार दिला म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत, तेव्हा खोलीसाठी तूही घाबरून मागे फिरू नकोस. खरोखर जायचे ठरले तर साताऱ्यात आपली माणसे आहेत, विहारात विचार, एका आठवड्यात खोली मिळेल. पण ज्या नोकरीत आधीच तोटा आहे तिच्यासाठी हा मनस्ताप कशाला?

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर : या ऑर्डरवर, या अटींवर, जाऊ नये. हीच ऑर्डर सांगली-मिरजेत असती तर आमचे उत्तर बदलले असते. नवजात बालकांच्या कक्षातली नेमणूक लेखी मिळाली असती तरीही आम्ही दोनदा विचार केला असता, कारण ते शिक्षण आयुष्यभर पुरते.

मग जायचे कुठे?

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. १९६२ पासून मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उत्तर कर्नाटकातून आजही माणसे औषधपाण्याला मिरजेलाच येतात. नर्सला ज्या गावात मागणी आहे त्या गावाच्या शेजारी तू राहतेस. सांगली ते मिरज अशी खाजगी रुग्णालयांची रांग आहे. शंभर खाटांच्या वरची चार-पाच रुग्णालये निवड, अर्ज स्वतः नेऊन दे, आणि मुलाखतीत तीन गोष्टी विचार : नाईटला किती रुग्णांमागे एक सिस्टर, पी.एफ. पहिल्या महिन्यापासून का, आणि ड्युटी आठ तासांची की बारा. चौथी गोष्ट विचारू नकोस, बघ : रजिस्टरवर डॉक्टरांच्या सह्या आहेत का.

खरी सरकारी नोकरी हवीच असेल, आणि ती हवी असण्यात काही गैर नाही, तर कायम पदाच्या परीक्षेची तयारी धर. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खाजगीत नसलेले आरक्षण तिथे आहे. मागासवर्गीयांना वयोमर्यादा ४३ आहे, म्हणजे तुझ्याकडे भरपूर वर्षे आहेत. मात्र जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढायला घे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, गावची जुनी नोंद शोधायला महिने जातात. निवड होऊनही याच कागदावाचून अडलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुन्या पद्धतीची पेन्शन सरसकट नाही, हेही सासूबाईंना सांग.

निघताना काय घेऊन निघायचे?

आमचाच एक मूर्खपणा सांगतो. तरुणपणी एका खाजगी दवाखान्यात (नाव घेत नाही) आमचा अपमान झाला. रागाच्या भरात आम्ही दुसऱ्या दिवशीपासून गेलोच नाही. वाटले, मोठा स्वाभिमान दाखवला. पुढे चांगल्या जागी अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा तो नव्हता. पी.एफ.चा नंबर आम्ही कधी विचारलाच नव्हता. चार वर्षांची नोकरी कागदावर झालीच नाही. स्वाभिमान दवाखान्याला कळलाही नाही, नुकसान तेवढे आमच्या घरात आले. तू तसे करू नकोस. हे लिहून घे :

पहिले, नव्या ठिकाणची ऑर्डर हातात पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. तोंडी शब्दावर तर नाहीच.

दुसरे, राजीनामा लेखी, नोटिशीची मुदत पाळून, आणि झेरॉक्सवर पोच घ्यायची. नवीन जागेवर हजर होण्याची तारीख आधीची असेल तर तिकडे मुदतवाढ लेखी मागायची.

तिसरे, मूळ प्रमाणपत्रे दवाखान्यात जमा असतील तर ती आजच मागून घे. तपासायला बघू शकतात, अडकवून ठेवण्याचा हक्क कुणाला नाही.

चौथे, पी.एफ. काढून खायचा नाही, नव्या खात्यात वर्ग करायचा. २०१४ पासून प्रत्येकाला एकच कायमचा यूएएन नंबर असतो, तो स्लिपवर बघ. नोकरी दहा वर्षांची भरली तर त्यातून पेन्शनचा हक्क येतो. तुझी सहा झाली आहेत. पैसे काढलेस की मोजणी पुन्हा एकपासून.

पाचवे, ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग नोकरीची अट घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम नोकरीसाठी तीच अट आहे, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला मात्र एका वर्षानंतरही हक्क दिला आहे. तुझी सहा वर्षे झाली. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५००, आणि सहा वर्षांचे ४५,००० रुपये. हे कुणी मेहेरबानी म्हणून द्यायचे नसतात. हक्काने, लेखी अर्ज करून मागायचे.

सहावे, दुसरे मूल मनात आहे असे तू लिहिलेस. प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे, पण त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. ईएसआय कापला जात असेल तर त्याचे नियम वेगळे, ते कार्यालयात विचार. बदल करताना हे दिवस मोजूनच कर. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. मिळालेला हक्क निव्वळ तारखेच्या चुकीने घालवू नये.

शेवटी, तुझ्या यजमानांना. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखव. दादा, "तुझं तू ठरव" हे ऐकायला फार पुढारलेले वाटते. पण पोराला कोण सांभाळणार, नाईटच्या दिवशी भाकरी कोण करणार, दोघांच्या पगारात महिना कसा बसवायचा, हे तुम्ही बोलला नाहीत तर त्या वाक्याचा अर्थ "माझ्यावर काही आणू नकोस" एवढाच उरतो. एका रविवारी वही घेऊन बायकोशेजारी बसा. वर मांडलेला हिशेब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. आईलाही बसवा, नातवाची ड्युटी त्याच करतात. मग बायकोने ठरवावे आणि तुम्ही दोघांनी तिच्या मागे उभे राहावे.

भगिनी, साताऱ्याची ऑर्डर नाकारलीस तर "दारात आलेली सरकारी नोकरी घालवली" असे चार लोक म्हणतील. वहीतले आकडे त्यांच्यापुढे ठेव आणि अर्ज घेऊन मिरजेच्या बसला बस. आणि आमचे न ऐकता साताऱ्याला गेलीस तरी आम्ही रागावणार नाही. फक्त यूएएन नंबर, अनुभवाचा दाखला आणि ४५,००० रुपये घेऊन जा.

काय ठरले ते जरूर कळव. जयभीम.